पीतबिंदूवरची साय

आत्याची पहिली तक्रार खिडकीबद्दल होती. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज मधोमध वाकलेत, म्हणाली. गज सरळ होते. मग तिने आपणच एकेक डोळा झाकून पाहिलं. उजवा झाकला की गज वाकडे, डावा झाकला की सरळ. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झालेली, चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला, त्यामुळे घरात कुणाला काही सुचेना. पडद्याच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, स्कॅन काढला आणि कागदावर लिहिलं: डावा डोळा, एपिरेटिनल मेम्ब्रेन, स्टेज दोन. ‘स्टेज’ शब्द ऐकून आत्या हादरली. आमच्या घरात तो शब्द आजवर एकाच आजारासाठी वापरला गेला होता. डॉक्टरांच्या ते लगेच लक्षात आलं. “मावशी, ही कॅन्सरची स्टेज नाही. तुमच्या पडद्यावर साय धरलीय. ती किती आवळलीय, एवढंच यात लिहिलंय.”

त्या कागदावरचा दोनचा आकडा कुठून आला आणि त्यावर किती विसंबायचं, हे शोधता शोधता हा लेख झाला.

डॉक्टरांचा सायीचा दाखला अगदी चपखल होता. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पीतबिंदू असतो, म्हणजे मॅक्युला. त्याच्या मध्यावर फोव्हिया नावाचा एक खळगा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं या खळग्याच्या जिवावर चालतं. तिथे पडद्याचे आतले थर बाजूला सरलेले असतात, म्हणून प्रकाश जवळजवळ अडथळ्याशिवाय प्रकाशपेशींपर्यंत पोचतो. पडद्यासमोरची पोकळी पारदर्शक जेलीने भरलेली असते. उतारवयात ती पातळ होते आणि पडद्यापासून सुटते. सुटताना तिचा एखादा विरळ थर पडद्यावरच राहून जातो. त्या जागी पडद्यातल्या आधारपेशी आणि जेलीतल्या पेशी जमतात, कोलाजेनचे धागे विणतात, आणि मग त्यातल्या काही पेशी स्नायूसारख्या आकसू लागतात. गार होणाऱ्या दुधावर साय धरते तोवर काही बिघडत नाही. ती आक्रसली की सुरकुत्या पडतात. इथे साय खालच्या पडद्याला चिकटलेली असते, म्हणून सुरकुती पडद्यालाही पडते.

बऱ्याच जणांत याला वयापलीकडे काही कारण सापडत नाही. काहींत मात्र मधुमेहाने झालेली पडद्याची खराबी, पडद्यातली शीर तुंबणं, डोळ्यातली सूज, मार, किंवा सुटलेला पडदा बसवण्याचं ऑपरेशन ही कारणं असतात. हा फरक ध्यानात ठेवायला हवा. प्रतवारीच्या गोष्टीत तो पुढे आडवा येतो.

डोळ्याच्या आत डोकावण्याचं साधन हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये दिलं. पडद्यावरच्या या पापुद्र्याचं पहिलं वर्णन इवानोव्ह यांच्या नावावर आहे, १८६५ सालचं. त्यानंतरची शंभर वर्षं नावं ठेवण्यात गेली. ज्याला जसं दिसलं तसं त्याने नाव दिलं. त्या पसाऱ्याला शिस्त लावली ती मायामीच्या डोनाल्ड गास यांनी. त्यांची वर्गवारी डोळ्याला दिसणाऱ्या रूपावर उभी होती. शून्य प्रत म्हणजे पडद्यावर नुसती चकाकी, जिलेटिनचा कागद पसरल्यासारखी. एक प्रत म्हणजे तोच कागद चुरगळलेला, खालच्या थराला सुरकुत्या आलेल्या. दोन प्रत म्हणजे पापुद्रा पांढुरका, अपारदर्शक, आणि पडदा पूर्ण जाडीत ओढला जाऊन चुणी पडलेली. इंग्रजीत या कागदाला सेलोफेन म्हणतात. लहानपणी आकाशकंदिलाला लावलेला जिलेटिनचा कागद ज्याने हाताने चुरगळला आहे, त्याला गास यांची पहिली प्रत समजावून सांगायची गरज नाही.

पण गास यांच्या काळापर्यंत या प्रतींवर काही अवलंबून नव्हतं, कारण पापुद्रा काढताच येत नव्हता. मायामीतच रॉबर्ट माखेमेर यांनी १९७० च्या सुमाराला डोळ्यातली जेली बारीक छिद्रातून काढण्याचं तंत्र उभं केलं, आणि त्याच दशकाच्या अखेरीला पीतबिंदूवरचे पापुद्रे सोलून काढल्याचे अनुभव छापून आले. तिथून प्रश्न बदलला. कुठल्या डोळ्यात हात घालायचा आणि कुठला तसाच राहू द्यायचा, हे ठरवायला प्रत लागू लागली. आणि गास यांची प्रत तिथे अपुरी पडली, कारण ती वरून पाहून ठरवलेली होती. सायीखाली दुधाचं काय झालंय, ते तिच्यातून कळत नव्हतं.

ते कळू लागलं ओसीटी नावाच्या स्कॅनमुळे. १९९१ मध्ये डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्राचा पहिला लेख प्रसिद्ध केला. या तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, इथे प्रकाशाचा. प्रकाश इतका वेगवान की त्याचा प्रतिध्वनी घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून परत आलेला किरण एका संदर्भकिरणाशी ताडून पाहतात आणि त्यांच्या एकमेकांत मिसळण्यावरून खोली काढतात. सुरुवातीच्या यंत्रांची बारकाई दहा मायक्रॉनच्या आसपास होती, आणि ती सेकंदाला चारशेच्या घरात उभ्या रेषा घेत. नंतरच्या यंत्रांची बारकाई पाच ते सात मायक्रॉनवर आली आणि वेग सेकंदाला हजारोंवर, मग लाखाकडे गेला. अख्खा पडदा पाव मिलिमीटरभर जाडीचा, त्यात हे थर. डोळा कापल्याशिवाय त्याचा काप पाहता येऊ लागला. आत्याचा स्कॅन काढायला एका डोळ्याला मिनिटही लागलं नाही. हनुवटी टेकवा, हिरव्या खुणेकडे बघा, झालं.

पहिल्या काही वर्षांत या यंत्राकडून लोकांनी सगळ्यात सोपी गोष्ट मागितली: जाडी. मध्यभागी पडदा किती मायक्रॉन. आकडा हाती आला की हायसं वाटतं. पण पापुद्र्याच्या बाबतीत जाडी फसवते. दोन डोळ्यांत पडदा सारखाच जाड असतो, एकाला शेवटून दुसरी ओळ वाचता येते, दुसऱ्याला निम्मा तक्ताही नाही. जाडी कशाने वाढली, कुठल्या थराने, आतल्या की बाहेरच्या, हे त्या आकड्यात नसतं.

२०१७ मध्ये आंद्रेआ गोव्हेत्तो, डेव्हिड साराफ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चार पायऱ्यांची प्रतवारी या अडचणीतून वाट काढते. आत्याच्या कागदावरचा दोनचा आकडा तिच्यातलाच. ती जाडी विचारत नाही, रचना विचारते. पहिल्या पायरीत पापुद्रा आहे, पण मधला खळगा टिकून आहे. दुसऱ्या पायरीत खळगा भरून गेलेला असतो, प्रकाशपेशींच्या केंद्रकांचा थर मध्यभागी ताणून उंचावलेला असतो, तरी सगळे थर आपापल्या जागी ओळखू येतात. तिसरी पायरी हा या मांडणीचा खरा शोध. पडद्याचे जे आतले थर फोव्हियावर असायलाच नकोत, ते ओढले जाऊन खळग्याच्या जागेवरून आडवे सलग पसरतात. शेताच्या दोन्ही बाजूंचे बांध सरकत येऊन मधली पायवाट बुजवावी तसं. चौथ्या पायरीत या परक्या थरांबरोबर बाकीचे थरही विस्कटतात, कुठे कोणता संपतो ते सांगता येत नाही.

ही मांडणी मला मोलाची वाटते. एक तर तिला महागडं काही लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या साध्या ओसीटीवरही खळगा आहे की नाही आणि त्यावरून आडवा पट्टा गेलाय की नाही, हे पाहता येतं. दुसरं, पायरी चढत जाते तशी नजर उतरत जाते, आणि तिसऱ्या पायरीवरचे ते आडवे थर पापुद्रा काढल्यावरही पुष्कळदा तिथेच राहतात. म्हणजे दुसरी आणि तिसरी यांच्यामधली रेषा हा केवळ नोंदीचा प्रश्न नाही. उशीर कशाला म्हणायचं, याचा थोडा अंदाज तिथे मिळतो.

पण तिच्या मर्यादा वापरणाऱ्याने सोडून देऊ नयेत. ही प्रतवारी कारण न सापडलेल्या पापुद्र्यांवरून बांधली आहे. आपल्याकडे पडद्याच्या दवाखान्यात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना मधुमेह असतो, पडद्यात पाणी साठलेलं असतं, लेझर झालेलं असतं. त्यांच्यात थर विस्कटलेले दिसले तर तो दोष पापुद्र्याचा की साखरेचा, हे चार पायऱ्या सांगू शकत नाहीत. तरी फाइलवर आकडा पडतो, आणि एकदा पडला की तो पुढच्या डॉक्टरपर्यंत तसाच जातो. दुसरी गोष्ट कापाची. काप नेमका खळग्याच्या मध्यातून गेला तर एक पायरी दिसते, थोडा बाजूने गेला तर दुसरी. एकच छापील चित्र पाहून पायरी सांगणं म्हणजे कलिंगडाची एक फोड पाहून बी मोजणं. सगळे काप एकामागोमाग पाहायला हवेत.

कापांवरून घोळ किती होऊ शकतो, हे पीतबिंदूला पडणाऱ्या छिद्रांच्या प्रकरणात दिसतं. गास यांच्या वेळी पडद्यावर मधोमध लाल गोल डाग दिसला की छिद्र म्हणत. त्यात खरं आरपार छिद्र किती आणि खोटं किती, हे ठरवायला एक साधी युक्ती होती आणि अजूनही आहे. डॉक्टर प्रकाशाची बारीक पट्टी त्या डागावर टाकतात आणि विचारतात, रेघ अखंड दिसते की मध्ये तुटते? आरपार छिद्र असेल तर बहुतेकांना ती तुटलेली किंवा चिमटलेली दिसते. ओसीटी आल्यावर कळलं की मधल्या मधल्या अवस्था पुष्कळ आहेत, आणि मग एकाच चित्राला तीन गावांत तीन नावं पडू लागली. आरपार छिद्रांचं आणि जेलीच्या ओढीचं प्रकरण २०१३ च्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मिटवलं. छिद्र २५० मायक्रॉनपर्यंत लहान, ४०० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठं, असे मोजता येणारे आकडे दिले. अर्धवट छिद्रांचा वाद २०२० पर्यंत चालला. तेव्हा हुब्शमन आणि इतर तज्ज्ञांनी एकत्र बसून तीन वेगळ्या गोष्टी केल्या. खोटं छिद्र, म्हणजे पापुद्र्याने फोव्हिया मोकळा सोडलाय, पण भोवतीचा काठ आवळून उंच आणि उभा केलाय. ऊती जागेवर शाबूत. दुसरी, पापुद्र्याच्या ओढीने पडद्याचे थर एकमेकांपासून फाकलेले. आणि तिसरी, खरं अर्धवट छिद्र, ज्यात काठाखाली पोकळी आहे आणि ऊती झिजून गेल्याचं दिसतं.

हा वाद शब्दांचा वाटतो, पण त्याच्यावर शस्त्र चालतं. ओढीने फाकलेल्या पडद्यावरून पापुद्रा सोलला तर ओढ संपते, थर जवळ येतात. झिजलेल्या अर्धवट छिद्रावर पुष्कळदा एक पिवळसर, मऊ, ओढ न लावणारा थर असतो. त्याला पापुद्रा समजून सोलायला गेलं तर फायदा होईलच असं नाही, उलट अर्धवट छिद्र आरपार होण्याची भीती असते. जुन्या शोधनिबंधांत या दोन्ही तऱ्हांचे रुग्ण एकाच नावाखाली मोजलेले आहेत. त्यांचे यशाचे टक्के आज वाचताना म्हणूनच जपून वाचावे लागतात.

हा पापुद्रा किती जणांना असतो, याचं उत्तरही पाहण्याच्या साधनावर ठरतं. अमेरिकेतल्या बीव्हर डॅम गावच्या पाहणीत पडद्याच्या साध्या फोटोंवरून ११.८ टक्के लोकांत तो आढळला. वीस वर्षांनी त्याच पाहणीत ओसीटी वापरली तेव्हा आकडा ३४.१ टक्के आला. लोक तोवर म्हातारेही झाले होते, तेव्हा सगळा फरक यंत्राचा म्हणता येणार नाही. पण फोटोत न दिसणारी विरळ साय यंत्राने दाखवली, हेही खरं. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स पाहणीत फोटोंवरून सात टक्के निघाले. त्याच लोकांना पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा सुमारे २९ टक्के पापुद्रे वाढले होते, ३९ टक्के होते तसेच होते, आणि २६ टक्के चक्क कमी झाले होते. ‘स्टेज’ म्हटलं की पुढचा जिना चढायचाच, असं आपल्याला वाटतं. पापुद्र्याला तो नियम नाही. आत्याला हे आकडे मी वाचून दाखवले तेव्हा तिला स्कॅनपेक्षा त्यांनी जास्त धीर दिला.

आता त्या गजांकडे येऊ. चार पायऱ्यांत वाकड्या रेषा कुठेच नाहीत. नजर मोजायचा तक्ता अक्षरं विचारतो, आणि आत्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचते. तक्त्याच्या हिशेबाने तिची नजर चांगली. पण पानावरच्या ओळी मध्येच उचलल्यासारख्या होतात, डाव्या डोळ्याने माणसाचं नाक थोडं मोठं दिसतं. त्याचंही कारण आहे. पापुद्रा प्रकाशपेशींना मध्याकडे ओढून दाटीवाटीने बसवतो, तेवढीच प्रतिमा जास्त पेशींवर पडते, आणि मेंदू तिला मोठं समजतो. दोन डोळ्यांची मापं जुळली नाहीत की डोकं दुखतं, पायरी चुकते.

वाकडेपणा पाहायला आम्स्लर यांचा चौकटीचा कागद सगळ्यांना माहीत आहे: दहा सेंटिमीटरची चौकट, पाच मिलिमीटरचे चौकोन, मध्ये ठिपका. तो वाकडेपणा आहे की नाही हे सांगतो, किती ते सांगत नाही. जपानमध्ये मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी वेगळे तक्ते केले. आधी सलग रेघ दाखवतात. ती वाकडी दिसली तर ठिपक्यांची रेघ, मग ठिपक्यांमधलं अंतर ०.२ अंशापासून २ अंशांपर्यंत वाढवत नेतात. ज्या अंतरावर रेघ सरळ दिसू लागते, तो आकडा. उभी वेगळी, आडवी वेगळी. पाच मिनिटांचं काम आणि खर्च छापील पुठ्ठ्यांचा. या आकड्याशी स्कॅनमधलं काय जुळतं, हे पाहणाऱ्यांना पडद्याचा आतला केंद्रकथर किती जाड झालाय आणि सुरकुत्या किती खोल आहेत, यांचा संबंध दिसला. सुरकुत्यांची खोली उभ्या कापांपेक्षा वरून घेतलेल्या आडव्या कापांत नीट दिसते. म्हणजे स्कॅनमध्ये ती माहिती असतेच. आपण ती पायरीत धरलेली नाही.

माझं म्हणणं इथे आहे. पापुद्र्याची प्रतवारी करताना गोव्हेत्तो यांची पायरी आणि वाकडेपणाचा आकडा शेजारी शेजारी लिहिले जावेत. एक पडद्याचं सांगतो, दुसरा माणसाचं. ऑपरेशन करायचं की नाही हे माणसाचं बघून ठरतं. ते चांगलं ऑपरेशन आहे. अगदी बारीक छिद्रं, निळ्या रंगाने पडद्याची आतली पातळ कड रंगवून पापुद्र्यासकट सोलून काढणं, टाके बहुधा नाहीत. पण नजर सुधारायला महिने जातात, मोतीबिंदू काढलेला नसेल तर तो लवकर पिकतो, आणि क्वचित पडदा सुटतो. वाकडेपणा कमी होतो, नाहीसा होईलच असं नाही. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल तर कमी झाला की नाही, हे नंतर सांगणार कोण?

चित्रांवरून शिकणाऱ्या यंत्राकडून प्रतवारी करून घेण्याचं काम गेल्या दहा वर्षांत वेगाने चाललं आहे, आणि इथेही सगळं नावांवर अडतं. जगभर पुष्कळ वापरला गेलेला ओसीटीचा एक खुला संग्रह २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिकवणीसाठी ४,६८६ रुग्णांची १,०८,३१२ चित्रं होती. वर्ग चारच: नव्या रक्तवाहिन्या, मधुमेहाची सूज, ड्रुसेन म्हणजे पडद्याखाली साठणारे ठिपके, आणि निरोगी. पापुद्र्याला त्यात घरच नाही. अशा संग्रहावर तयार झालेल्या यंत्राला पापुद्रा दाखवला तर ते त्याला या चारांपैकी कशाततरी कोंबणार. त्याच वर्षी लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाच्या स्कॅनवर डीपमाइंड कंपनीने केलेलं काम मला जास्त समजदार वाटतं. त्यांनी आधी एका संगणकी जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) प्रत्येक ऊती ओळखून रंगवायला शिकवलं, त्यात एपिरेटिनल मेम्ब्रेन हा स्वतंत्र वर्ग होता, आणि तो रंगवलेला नकाशा पाहून दुसऱ्या जाळ्याने निदान केलं. डॉक्टरला नकाशा समोर दिसतो, चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. चार पायऱ्यांची प्रतवारी अशाच नकाशावर उभी राहू शकते, कारण तिचा प्रश्नच ‘कोणता थर कुठे आहे’ हा आहे.

आपल्या जवळचं एक काम इथे सांगायलाच हवं. नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये पडद्याच्या फोटोंचा एक संग्रह जगासाठी खुला केला: ३,२०० फोटो, तीन वेगळे कॅमेरे, ४६ प्रकारचे दोष, प्रत्येक फोटोवर दोन ज्येष्ठ तज्ज्ञांच्या सहमतीने नाव. नेहमीच्या तीन-चार रोगांपलीकडचे दोष त्यात आहेत, आणि त्यांत पापुद्राही आहे. आपल्या माणसांचे, आपल्या दवाखान्याच्या उजेडात काढलेले फोटो. त्या संग्रहात ‘एमएच’ ही खूण डोळ्याची माध्यमं धूसर असण्यासाठी आहे. पडद्याच्या शोधनिबंधांत तीच दोन अक्षरं पीतबिंदूच्या छिद्रासाठी वापरतात. दोन संग्रह न बघता जोडले तर यंत्र मोतीबिंदूच्या धुक्याला छिद्र म्हणायला शिकेल. आणि पापुद्र्याला त्यात एकच नाव आहे, प्रत नाही. फोटोवरून ती देणं कठीणच. नांदेडच्या या कामाच्या जोडीला अशीच ओसीटीची बैठक कुणीतरी घालायला हवी, पायऱ्यांसकट, मधुमेही डोळ्यांसकट.

अशा प्रयोगांच्या टक्क्यांबद्दल एक सावधगिरी. एका डोळ्याचे शेजारशेजारचे काप जवळजवळ सारखे असतात. त्यातले काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले तर यंत्र उत्तीर्ण होतं, कारण प्रश्नपत्रिका त्याने आधीच पाहिलेली असते. हा प्रकार खुल्या संग्रहांवर खरोखर घडलेला आहे. तेव्हा अठ्ठ्याण्णव टक्के वाचलं की आधी विचारावं: विभागणी चित्रांनुसार की माणसांनुसार?

सहा महिन्यांनी आत्याचा पुन्हा स्कॅन झाला. यंत्राने पडद्यावरच्या शिरांच्या खुणांवरून मागचीच जागा शोधली आणि तिथूनच काप घेतला. दोन्ही चित्रं संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक आली. खळगा भरलेलाच होता, परके थर आलेले नव्हते. डॉक्टरांनी कपाटातून ठिपक्यांच्या रेघांचे पुठ्ठे काढले, तिचा उजवा डोळा झाकला, आणि एकेक रेघ समोर धरत गेले. “आता? आता सरळ झाली का?” आत्या घाई न करता बघत होती. कागदावर ‘स्टेज दोन’च्या शेजारी त्यांनी पेनने लिहिलं: उभी ०.८, आडवी ०.५. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची.